गुरुजींचं शून्य

माणूस चुकला तर माझी हरकत नाही. पण आमचे हे चुकतात, चुकीवर उभे राहतात आणि वरून विचारतात, बघा, किती ताठ उभा आहे मी. ह्यांच्याशी लग्न करून नातवंडं वयात आली, पण "माझं चुकलं" एवढं ह्यांच्या तोंडून अजून ऐकायचं राहिलंय. भाजीत मीठ जास्त पडलं तर माझं चुकलं. एसटी निघून गेली तर ड्रायव्हरचं चुकलं. ह्यांनी वाऱ्याकडं तोंड करून छत्री उघडली आणि ती उलटी झाली, तर वाऱ्याचं चुकलं.

हणमंतराव गुरुजी. हदगावच्या आसपास ह्यांना सगळे ओळखतात. गावोगावच्या शाळांत विज्ञान शिकवलं आणि हेडमास्तर होऊन निवृत्त झाले. आमच्या घरात ह्यांचा शब्द कोणी खोडत नाही. माझी दोन्ही पोरं बापापुढं मान खाली घालून वाढली. मी खोडते, पण स्वयंपाकघरात, आणि भांडी जरा जोरात आपटत.

ही तक्रार मी घरातच ठेवली असती. पण ह्या वर्षी हे नातीच्या अभ्यासात शिरले.

सृष्टी ही माझ्या थोरल्याची पोरगी. इंजिनिअरिंगच्या मोठ्या परीक्षेत थोडक्यात हुकली, म्हणून एक वर्ष परत अभ्यास करायला लातूरला आणून ठेवली. लातूरला पोरगं शिकायला ठेवायचं म्हणजे त्याच्यासोबत भाकरी टाकायला एक बाई लागते. आमच्या बिल्डिंगीत खोलीखोलीत हेच आहे. कुठं आई, कुठं आजी, कुठं मावशी. सकाळी सगळ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या एकदम सुरू होतात, तेव्हा रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा उठून लांब जाऊन झोपतं. सुनेला शेत आहे, म्हणून मी आले. शिवाय पाण्यासाठी घरमालकाशी भांडायला जीभ लागते, ती सुनेला नाही.

हे, म्हणजे सृष्टीचे आबा, हदगावहून दर आठवड्याला यायचे. पोरीला बघायला येतो म्हणायचे. बघणं म्हणजे तिला समोर बसवून, सरांनी शिकवलेलं पुन्हा एकदा आपल्या पद्धतीनं शिकवणं.

सर म्हणजे आदिनाथ सर. जळकोटकडचं तरणं पोरगं, अंगानं काडी, आवाज मात्र रस्त्यापर्यंत. त्यांच्या क्लासची एक रीत होती. परीक्षेत ज्याचा जो प्रश्न चुकला, तो त्यानं रविवारी फळ्यापुढं उभं राहून सगळ्या बॅचला समजावून सांगायचा. मागच्या बाकावर घरचं एक माणूस बसलेलं पाहिजे. नीट सांगता आलं तर पहिल्या बॅचमध्ये राहायचं, नाही आलं तर मागच्या बॅचमध्ये जायचं. मागच्या बॅचमध्ये गेलेलं पोरगं परत वर येत नाही, असं खालच्या खोलीतली धर्माबादची कोंडाबाई सांगायची. कोंडाबाई सगळंच वाढवून सांगते. पण त्या बुधवारी सृष्टी क्लासहून आली तेव्हाचा तिचा चेहरा कोणी वाढवून सांगितलेला नव्हता.

तिचा एक प्रश्न चुकला होता. प्रश्न असा. एक बंद पेटी आहे, मध्ये पडदा. एका बाजूला हवा भरलेली, दुसरी बाजू पार रिकामी, तिथं हवासुद्धा नाही. पडदा काढून टाकला. हवा उधळली आणि पेटीभर झाली. बाहेरून पेटीत उष्णता आली नाही आणि आतली बाहेर गेली नाही. तर हवेची एंट्रॉपी किती बदलली?

एंट्रॉपी म्हणजे पसाऱ्याचं माप, असं सृष्टीनं मला सांगितलं. घरात पाहुणे आले की मला त्याला वेगळं माप लागत नाही, पण ह्या लोकांना लागतं. उष्णतेला तापमानानं भागलं की ते माप किती बदललं ते निघतं.

सृष्टीनं उत्तर लिहिलं होतं शून्य.

"सरांनी शिकवलं नव्हतं का गं?" मी विचारलं.

"शिकवलं होतं."

"मग?"

"आबांनी शून्य सांगितलं होतं. उष्णता न्हाई तर भागायचं काय, शून्यच, म्हणले." ती डबा धूत होती, तो डबा आता परत परत धुवायला लागली. "परीक्षा झाली की आबा पेपर हातात घेतेत, आजी. कशावर खूण केली ते बघतेत. मी दुसऱ्यावर केली असती तर म्हणले असते, माझा शब्द खोडलास."

"अन् रविवारी?"

"रविवारी आबाच येणार हायेत. सदऱ्याला इस्त्री करून ठेवली म्हणून फोन आलता. सगळ्या बॅचपुढं, ते मागं बसलेले असताना मी कसं सांगू, आबा चुकले म्हणून? मी शून्यच सांगते. जाते मागच्या बॅचला."

रडली असती तर मी रागावून गप्प केलं असतं. ती रडली नाही, म्हणून मलाच खाली बसावं लागलं.

"चल वर," मी म्हणलं. "तूर निवडायची हाय. निवडता निवडता मला सांग, खरं उत्तर कसं काढतेत."

गच्चीवर तुरीचं सूप पुढ्यात घेऊन तिनं मला सांगितलं. हवा उधळत जाते ती वाट दांडगाईची. मधे कुठं थांबून माप घ्यावं तर ती थांबत नाही. पण एंट्रॉपीला वाट आठवत नाही. कुठून निघाली आणि कुठं पोहोचली, एवढंच तिला ठाऊक. म्हणून आपण दुसरी वाट धरायची. निघायचं तिथूनच, पोहोचायचं तिथंच, पण सावकाश. हवेवर पिचकारीतल्यासारखा दट्ट्या बसवायचा, दट्ट्यावर वाळूचं ओझं. वाळूचा एक कण काढायचा, हवा एवढीशी पसरू द्यायची, मग दुसरा कण. कोणत्याही घडीला कण परत ठेवला तर आल्या पावली मागं जाता आलं पाहिजे. ह्याला ते रिव्हर्सिबल म्हणतात. त्या वाटेवर किती उष्णता द्यावी लागली ते मोजायचं, तापमानानं भागायचं. जे येईल तेच उधळलेल्या हवेचंही उत्तर.

मला अर्धं कळलं. अर्ध्या कळण्यावर मी अख्खा संसार केलाय.

सरळ तोंडावर सांगायचं म्हणजे पडदा काढण्यातली गत झाली असती. मागं एकदा धाकट्यानं ह्यांना तिफणीचं काहीतरी सुधारून सांगितलं, तर हे आठवडाभर दुधात मुरमुरे कालवून खात होते आणि आमच्या चुलीकडं बघत नव्हते. इथं तसं झालं असतं तर रविवारी पोरगी फळ्यापुढं थरथरत उभी राहिली असती, म्हणजे गेलीच. तेव्हा एक एक कण काढायचा, असं मी ठरवलं. आणि ह्यांचा एक गुण मला पक्का ठाऊक आहे. ह्यांना खरं सांगितलं तर पटत नाही, पण कोणी चुकीचं बोललं तर राहवत नाही. जन्मभर पोरांच्या पाट्यांवर फुल्या मारलेला माणूस.

शुक्रवारी दुपारी हे आले. ताटात भाकरी, वरण, शेंगाची चटणी वाढली. दोन घास पोटात गेल्यावर मी म्हणलं, "तुमचं ते शून्य मला लई पटलं."

हे चमकले. माझ्याकडून असं काही ऐकायची सवय नव्हती. "कोणतं शून्य?"

"पेटीतलं. पोरगी सांगत होती. मी कोंडाबाईला बी सांगून आले. म्हणलं, आमच्या गुरुजींचा हिशोब सरळ हाय. हवा दणक्यानं पसरो की दट्ट्या ढकलत हळूहळू पसरो, शून्य म्हणजे शून्य."

हातातला घास हातातच राहिला. "हळूहळूचं वेगळं असतंय."

"कशाला वेगळं असंल? हवा तीच, पेटी तीच."

"अगं, दट्ट्या ढकलायला हवेला जोर लावावा लागतोय. जोर लावला की ती गार पडती. तिला आहे त्याच तापमानाला ठेवायची तर बाहेरून उष्णता द्यावी लागती."

"जराशी."

"जराशी कशी? जेवढं काम केलं तेवढी पुरी."

"मग तिथं शून्य न्हाई म्हणता?"

"तिथं न्हाई."

एक कण निघाला. पण ह्यांना लगेच वास लागला. "पडदा काढला तर मात्र शून्यच हां," म्हणाले.

"ते तर हायच की," मी म्हणलं आणि कण होता तिथं परत ठेवला. ह्यांनी खुशीनं अजून एक भाकरी मागितली.

शनिवारी सकाळी चहा देताना मी पुन्हा लागले. "तुमच्या नावाचा लई बोलबाला झालाय खाली. मी कोंडाबाईला सांगितलं, गुरुजींपुढं दोन पेट्या ठेवा. एकीतला पडदा झटक्यात काढलेला, दुसरीत हवा हळूहळू पसरवलेली, दोन्हीकडं सगळं होऊन गेलेलं. गुरुजी नुसता हात लावून सांगतेत कोणती कोणती. एक गरम लागती, एक गार."

"काय बी सांगत फिरू नकोस माझ्या नावानं." बशी खाली ठेवली. "दोन्ही सारख्याच असतेत. तापमान तेच, जागा तीच, दाब तोच. देवाला बी ओळखू येणार न्हाई."

"असं व्हय. मग माझी बेइज्जती झाली म्हणायची."

"माझी झाली. तुझी कशाला होती?"

"पण मग एक सांगा. दोन्ही पेट्या सारख्याच, तर एकीची एंट्रॉपी वाढली अन् दुसरीची शून्य, हे कोंडाबाईला कसं समजावू? लई खोचक बाई हाय ती. लगेच विचारील."

चहावर साय धरली. समोरच्या बिल्डिंगीवर एक बाई वाळवण पसरत होती, तिच्याकडं हे असं टक लावून बघत राहिले की तिनं पदर सावरून आत जायचं ठरवलं.

"उद्या सांगतो," शेवटी म्हणाले.

"बरं."

"तू त्या कोंडाबाईला इतकं कशाला सांगायलीस गं?"

"आता कोणाला सांगू? तुमची हुशारी घरात ठेवून काय उपयोग."

चपला घालून खाली गेले, पार चौकापर्यंत जाऊन आले. आल्यावर सृष्टीचं जाड पुस्तक मांडीवर घेतलं, बराच वेळ बघितलं आणि मिटलं. जेवताना मिठाबद्दल काही बोलले नाहीत. मीठ जास्तच होतं. मी मुद्दाम टाकलं होतं, बघायला.

कोंडाबाईची गोष्ट एवढीच, की ती त्या आठवड्यात धर्माबादला भाच्याच्या साखरपुड्याला गेली होती. तिच्या खोलीला कुलूप होतं.

रविवारी निघताना सृष्टीनं मला दारामागं धरलं. "आजी, आबांना काही बोललीस का?"

"मी कशाला बोलू? मी तर त्यांना चुकीचंच सांगायले. तू तुझं सांग."

तिला काही धीर आला असं मला दिसलं नाही.

क्लासच्या दारावर लिहिलं होतं, एकच पालक. मला वाचता येत नसल्यासारखं मी केलं आणि ह्यांच्या मागोमाग शिरले. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. आधी दोन पोरं झाली. एक तरलं, एक मागच्या बॅचला गेलं. जाताना त्यानं दप्तर उचललं, त्याच्या आईनं छत्री उचलली, आणि दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. मग सरांनी सृष्टीचं नाव घेतलं.

तिनं फळ्यावर पेटी काढली. मध्ये रेघ. एका बाजूला ठिपके.

"बाहेरून उष्णता किती?" सरांनी विचारलं.

"शून्य."

"मग एंट्रॉपीतला बदल?"

ती वळली. सरांकडं नाही, आमच्याकडं. नेमकं ह्यांच्या तोंडाकडं बघितलं, आणि मला तिचे ओठ दिसले. शू म्हणायला जुळले होते.

"थांब," हे उठले.

ह्यांनी सदरा खाली ओढला. "सर, मी हणमंतराव. निवृत्त मुख्याध्यापक. शून्य हे उत्तर वरवर बघणाऱ्या माणसाचं आहे."

वरवर बघणाऱ्या माणसाचं. मी बाकाची कड धरून बसले, नाहीतर हसले असते.

"काका, तुम्ही बसा," सर म्हणाले. "तिला सांगू द्या."

ह्यांना बस म्हणलेलं कळत नाही, ते आयुष्यभर दुसऱ्यांना बसवत आले. "दोन पेट्या घ्या, शेवटी दोन्ही सारख्या. एकीची वाढली म्हणजे दुसरीचीही वाढलीच पाहिजे. इथपर्यंत कोणीही येईल." इथपर्यंत कसे आले ते मला ठाऊक होतं. "आता कारण ऐका, पोरांनो. पडदा काढला, की पेटीत बाहेरून थोडी उष्णता शिरते. आपल्याला ती दिसत नाही, पण शिरते. म्हणून एंट्रॉपी वाढते."

बॅचमध्ये खुसफुस झाली. सरांनी हाताची घडी घातली. चांगलं पोरगं आहे, पण त्या घडीला मला त्याचा राग आला. त्यानं फळ्याकडं वळून विचारलं, "सृष्टी, काका म्हणतात ते बरोबर आहे का?"

म्हणजे सगळी मेहनत करून आम्ही होतो तिथंच आलो. उलट जास्तच अवघड जागी आलो. आता नुसतं खरं सांगून भागणार नव्हतं. आबा समोर उभे होते, आणि आबांचा शब्द आबांच्या तोंडावर खोडायचा होता. मला जेवढे कण काढता आले तेवढे मी काढले होते. हा शेवटचा माझ्या हातातला नव्हता.

सृष्टीनं मार्करचं टोपण लावलं. परत काढलं.

"न्हाई, सर," ती म्हणाली.

मग ह्यांच्याकडं बघून म्हणाली, "आबा, उष्णता शिरत न्हाई. पेटी बंद हाय. पडदा काढताना उष्णता शून्यच हाय."

हे उभेच. मी खालून सदरा ओढला, तरी उभेच.

"उष्णता द्यावी लागती ती आपण निवडलेल्या वाटेवर," ती बोलत राहिली, आणि आवाजातली थरथर हळूहळू विरत गेली. "हवा उधळली ती वाट मोजता येत न्हाई. म्हणून त्याच दोन टोकांच्या मधली दुसरी वाट घ्यायची. दट्ट्यावरचा एक एक कण काढत. त्या वाटेवर दिलेली उष्णता भागिले तापमान, हा हवेतला बदल. हवेला वाट आठवत न्हाई, म्हणून तोच बदल इथं बी खरा." तिनं पेटीखाली लांबलचक सूत्र लिहिलं, ते मी नुसतं बघितलं. "आता बाहेरच्या जगाचं. हळू वाटेवर जगानं हवेला उष्णता दिली. हवेची जेवढी वाढली, तेवढीच जगाची घटली. दोन्ही मिळून शून्य, म्हणून मागं फिरता येतंय. पण पडदा काढला तेव्हा जगानं काहीच दिलं न्हाई. जगाची घटली न्हाई, हवेची मात्र वाढली. दोन्ही मिळून वाढलीच. म्हणून उधळलेली हवा आपली आपण परत कोपऱ्यात जाऊन बसत न्हाई."

तिनं पेटीच्या बाहेर, मोकळ्या जागेत एक शून्य काढलं आणि त्याच्याभोवती गोल केला.

"आबा, तुमचं शून्य इथं हाय. बाहेरच्या जगाचं. तुम्ही ते हवेला दिलं, एवढंच चुकलं."

एवढंच चुकलं. आमच्या घरातल्या कोणी ह्यांना हे भरल्या माणसांत सांगितलं. छत जागेवर होतं. पंखा फिरत होता. पुढच्या बाकावरचं एक पोरगं ते शून्य आपल्या वहीत काढून घेत होतं.

हे बसले. बसताना बाक करकरला.

"पहिली बॅच," सर म्हणाले. "जा, बस जागेवर."

घरी येताना सृष्टी मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंनी. ती माझ्याशी बोलायची, मग ह्यांच्याकडं हळूच बघायची. हे रस्त्यावरच्या सगळ्या क्लासच्या पाट्या एक एक करून वाचत होते. मला वाटलं, जिरवायलेत मनात. जिरू द्यावं.

बिल्डिंगीच्या जिन्यात कोंडाबाई भेटली. नुकतीच धर्माबादहून उतरली होती, हातात पिशवी तशीच.

"काय झालं हो पोरीचं?" तिनं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "राहिली पहिल्या बॅचला. राहणारच की. शून्य येत न्हाई, शून्य येत न्हाई, हे मी तिला आधीपासून सांगायलो."

मी सृष्टीकडं बघितलं. फळ्यापुढं सरळ झालेली तिची मान परत खाली गेली. ती काही बोलणार नव्हती. अशीच पुढची परीक्षा येणार, परत हे पेपर बघणार, आणि परत ती ह्यांच्या उत्तरावर खूण करणार.

"अन् तुम्हाला बी त्या दोन पेट्यांचं कळलं असंल आता," हे कोंडाबाईला म्हणाले. "हिनं सांगितलं तसं न्हाई ते. हात लावून काही कळत न्हाई."

"कसल्या पेट्या?" कोंडाबाईनं पिशवी खाली ठेवली. "मला तर कोणी काही बोललं न्हाई. मी आठवडाभर धर्माबादला होते, साखरपुड्याला."

हे सावकाश माझ्याकडं वळले. शुक्रवारचं जेवण, शनिवारचा चहा, मीठ, सगळं एका मागोमाग एक ह्यांच्या डोळ्यांत चढताना मला दिसलं. सृष्टीलाही कळलं. तिनं ओढणीत तोंड लपवलं.

"म्हणजे तू मला," हे म्हणाले आणि तिथंच थांबले.

स्वयंपाकघर वर होतं, जिन्यात आपटायला भांडं नव्हतं. मी कोंडाबाईच्या देखत, पोरीच्या देखत, स्वच्छ आवाजात बोलले.

"व्हय, मी तुम्हाला खेळवलं. उपाय न्हाई तुमच्यावर दुसरा. मास्तर म्हणून तुम्ही चांगले हाव गुरुजी, पण शिकणारे म्हणून लई वाईट. तुम्ही चुकलाव, पोरीनं चारचौघांत सांगितलं, अन् तुमच्या अंगाला काही झालं न्हाई, दोन्ही पायांनी चालत घरी आलाव. आता कोंडाबाईला खरं काय झालं ते सांगा, चुकलो म्हणून सांगा, मग वर या. मी तवा ठेवायले."